वेताळाची वाट पाहताना

वेताळावर एक चांगला चित्रपट निघावा आणि तो मला पाहायला मिळावा, अशी माझी इच्छा आहे. साठी उलटल्यावर ही इच्छा चारचौघांत बोलून दाखवायला धीर लागतो. या वयाच्या माणसाने गुडघ्यांविषयी, यात्राकंपन्यांविषयी किंवा निदान ठेवींवरच्या व्याजाविषयी बोलावे अशी अपेक्षा असते. घट्ट जांभळा पोशाख घालून पांढऱ्या घोड्यावरून जंगलात हिंडणाऱ्या माणसाविषयी नव्हे. तरीही माझ्या वयाच्या मंडळींत हा विषय काढून पाहावा. पहिली दोन मिनिटे सगळे हसतात. मग कुणीतरी कवटीच्या अंगठीची आठवण काढतो. ती उजव्या हातात की डाव्या, यावर वाद होतो. उजव्या हातातली अंगठी दुष्टांच्या जबड्यावर कवटी उमटवणारी आणि डाव्या हातातली, हृदयाजवळची, संरक्षणाची खूण देणारी, असा निकाल लागेपर्यंत चहा निवून गेलेला असतो. निवृत्त अभियंते, डॉक्टर, मुख्याध्यापक असे सगळे त्या वेळी दहा वर्षांचे झालेले असतात.

नव्या वाचकांसाठी थोडे मागचे सांगायला हवे. ली फॉक यांची 'द फॅन्टम' ही चित्रपट्टी १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकन वर्तमानपत्रांत सुरू झाली. चित्रे आधी रे मूर यांची, मग विल्सन मॅकॉय यांची आणि १९६१ पासून पुढे तीसहून अधिक वर्षे साय बॅरी यांची. कल्पना अशी, की १५३६ साली चाच्यांनी एक जहाज लुटले आणि त्यातला एकच तरुण वाहत किनाऱ्याला लागला. बांदार नावाच्या ठेंगू लोकांनी त्याला वाचवले. बापाला मारणाऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने दुष्टांशी लढण्याची शपथ घेतली. त्याच्या मुलाने, नातवाने, पणतवाने तीच शपथ घेतली आणि तोच पोशाख चढवला. बाहेरच्या जगाला वाटते, की चारशे वर्षे जगणारा हा एकच अमर माणूस आहे. खरे काय ते कवटीच्या गुहेतल्या मोजक्या लोकांना ठाऊक. आपण ज्याच्या गोष्टी वाचल्या तो एकविसावा.

भारतात हा फॅन्टम १९४० च्या दशकात 'इलस्ट्रेटेड वीकली'तून दिसू लागला होता. पण तो घराघरांत पोचला तो मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाने सुरू केलेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मुळे. पुढे 'अमर चित्र कथा' काढणारे अनंत पै त्या वेळी तिथेच होते आणि इंद्रजालच्या उभारणीत त्यांचा हात होता. मांड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी ही मंडळी मागाहून आली. १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला. इंग्रजीपाठोपाठ देशी भाषांतून अंक निघू लागले. बंगालीत फॅन्टमचा अरण्यदेव झाला. मराठीत तो वेताळ झाला.

या नामकरणाला मी मराठी भाषांतरातली एक मोठी कामगिरी मानतो. 'फॅन्टम'चे 'छाया' करता आले असते, 'अदृश्य मानव' करता आले असते, किंवा आहे तेच नाव देवनागरीत छापून मोकळे होता आले असते. ज्या कुणी 'वेताळ' हा शब्द योजला त्याने परक्या माणसाला एका शब्दात आपल्या गावचा करून टाकले. वेताळपंचविशीमुळे विक्रमाच्या पाठीवर बसणारा वेताळ पोराटोरांना माहीत होता. पुण्यात त्याच्या नावाची टेकडी आहे. गोव्यात लोलयेसारख्या गावात त्याची दगडी मूर्ती आहे. आणि सिंधुदुर्गात वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीला वेतोबाचे देऊळ आहे, तिथे तर नवस फेडायला लोक केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. वेतोबा रात्री गावाच्या सीमेवरून राखण करीत फिरतो, त्यात त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. आता गंमत पाहा. मूळ इंग्रजीत फॅन्टमचे प्रसिद्ध बिरुद 'चालणारे भूत' असे आहे. रात्री चालत राहणारे, दुष्टांना भिववणारे आणि गावाला राखणारे भूत कोकणात केव्हाचेच नांदत होते. ली फॉकना आरवली माहीत असण्याचे कारण नाही. पण मराठी वाचकाला तो माणूस ओळखीचा वाटला, त्याचे एक कारण हे आहे.

असो. मुद्दा चित्रपटाचा. वेताळावर चित्रपट निघालाच नाही असे मात्र नाही. १९४३ मध्ये कोलंबिया कंपनीने पंधरा भागांची मालिका काढली. त्यात टॉम टायलर हा नट वेताळ झाला होता. पुढच्या मालिकेच्या वेळी हक्कांचे जमले नाही, तेव्हा पोशाखात फेरफार करून त्याच धाटणीचा एक 'कॅप्टन आफ्रिका' १९५५ मध्ये पडद्यावर आणण्यात आला. पाश्चिमात्य धाटणीचे घोडेस्वारपट काढणारे इटलीचे सर्जिओ लिओने यांच्याही मनात वेताळावर चित्रपट काढायचे होते. ते राहून गेले. लिओनेंच्या चित्रपटांतल्या लांबलचक शांतता आणि नुसत्या डोळ्यांवर रेंगाळणारा कॅमेरा ज्यांना आठवतो, त्यांना आपण काय गमावले हे वेगळे सांगायला नको.

मग १९९६ साली पॅरामाउंटचा 'द फॅन्टम' आला. सायमन विन्सर दिग्दर्शक, बिली झेन नायक. झेन हा नावापुरता नायक नव्हता. ऑस्ट्रेलियात एका चित्रपटाच्या कामासाठी गेलेला असताना त्याने या चित्रकथा वाचल्या आणि तो त्यांचा भक्त झाला होता. मी तो चित्रपट पुढे केव्हातरी व्हिडिओ सीडी आणून पाहिला, वही-पेन्सिल घेऊन नव्हे, पण बँकेतल्या तपासणी अधिकाऱ्याच्या नजरेने. एकेक बाब पडताळत गेलो. जांभळा पोशाख आहे. पांढरा घोडा आहे, लांडगा आहे. कवटीची गुहा आहे, अंगठी आहे, चारशे वर्षांपूर्वीची हकीकत सुरुवातीलाच सांगितली आहे. काळ १९३८ चा, म्हणजे मूळ कथांचाच. मेलेला बाप येऊन मुलाशी बोलतो. डायना आहे, चाच्यांची टोळीही आहे. सगळी व्हाउचरे जागच्या जागी होती. चित्रपट संपला आणि मी रिकामाच उठलो.

याचे कारण शोधण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. अभिनय वाईट नव्हता, पैसाही कमी ओतलेला नव्हता. पटकथा आधी थट्टेच्या अंगाने लिहिली गेली आणि नंतर ती गंभीरपणे चित्रित झाली, असे सांगतात. त्यामुळे सूर हलला असेल. पण खरे कारण मला वेगळे वाटते. चित्रपटाने वेताळाच्या वस्तू आणल्या, वेताळाची पद्धत आणली नाही.

पद्धत म्हणजे काय, ते सांगतो. चित्रकथेत वेताळाच्या डोळ्यांत बुबुळे नसतात. मुखवट्याच्या भोकांत नुसता कोरा पांढरा रंग. ग्रीक अर्धपुतळ्यांच्या कोऱ्या डोळ्यांवरून फॉकना ही युक्ती सुचली होती. एवढ्याशा गोष्टीने केवढे काम केले! ज्याची नजर कळत नाही त्याच्या मनातले कळत नाही, आणि मनातले कळत नाही म्हणून भीती वाटते. बिली झेनचे डोळे मुखवट्यातून स्वच्छ दिसतात, आणि ते स्वभावाने चांगल्या माणसाचे डोळे आहेत. तिथेच भूत संपते आणि पोशाख घातलेला देखणा तरुण उरतो.

दुसरी गोष्ट ऐकीव बातमीची. चांगल्या वेताळकथेत वेताळ बऱ्याचदा पुष्कळ पानांनंतर येतो. त्याआधी त्याचे बोलणे चालू असते. बंदरातल्या गुत्त्यावर एखादा म्हातारा नवख्या गुंडाला त्याच्याविषयी सांगतो, गुंड हसतो, जंगलात ढोल वाजतात, निवेदक जंगलातल्या एखाद्या जुन्या म्हणीचा दाखला देतो. मग त्याच गुत्त्यात लांब कोट, हॅट आणि काळा चष्मा घातलेला एक गृहस्थ लांडग्याला घेऊन येतो आणि दूध मागतो. पुढे काय होणार हे आम्हांला पाठ असायचे, तरी ते दूध मागणे पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटे. ली फॉक स्वतः नाटकवाले होते, त्यांनी कितीतरी नाटके बसवली. पात्राचा प्रवेश कधी करायचा आणि त्याआधी रंगमंचावर त्याच्याविषयी काय बोलले जायला हवे, हे त्यांना कळत होते. चित्रपटाला तेवढा दम नव्हता.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वेताळ हा माणूस नाही, ती एक जागा आहे. बँकेत असताना मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. माझ्या आधी थोड्याच वर्षांत तिथे तीन अधिकारी येऊन गेले होते. पण गावातले म्हातारे खातेदार ज्या साहेबांशी बोलत ते चौघांचे मिळून एकच साहेब होते. कुठल्याशा साहेबाने केव्हातरी बैलजोडीसाठी कर्ज दिलेले असे, त्याचे आभार मला मिळत. कुणी अर्ज फेटाळलेला असे, त्याचा राग मला सोसावा लागे. सुरुवातीला मी खुलासा करी. मग सोडून दिला. त्या खुर्चीवर बसणाऱ्याला आधीच्यांचे देणे चुकत नाही, हे मला तेव्हा कळले, आणि वेताळाची शपथ म्हणजे काय हेही त्याच दिवसांत नीट उमगले. बाप गेला त्या रात्री मुलाने पोशाख चढवायचा आणि सकाळी काहीच न घडल्यासारखे घोड्यावरून बाहेर पडायचे. त्याच्या दुःखाला जगात जागा नाही, कारण जगाच्या लेखी कुणी मेलेलेच नाही. एवढी विलक्षण गोष्ट हाताशी असताना चित्रपट मात्र तीन जादूच्या कवट्यांमागे धावत राहिला.

२००९ मध्ये दूरचित्रवाणीसाठी दोन भागांची एक मालिका निघाली. तिने उलटे टोक गाठले. आजच्या शहरातला तरुण, यंत्रांनी भरलेला चिलखती पोशाख आणि बाकी सगळे नवे. तिच्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही.

मग चांगला चित्रपट का निघत नाही? मला यात हिशेबाची बाजू दिसते. १९९६ च्या चित्रपटाला सुमारे साडेचार कोटी डॉलर लागले आणि अमेरिकेत त्याने पावणेदोन कोटींच्या आसपास मिळवले. असा कर्जदार दुसऱ्यांदा अर्ज घेऊन आला तर कुठलीही बँक त्याला पाणी पाजून परत पाठवील. २००८ साली नव्या चित्रपटाची घोषणा झाली होती. तो आला नाही. वेताळाची अडचण अशी, की त्याचे घर अमेरिकेत आणि त्याचे सोयरे भलतीकडे. ऑस्ट्रेलियात १९४८ पासून त्याचे स्वतंत्र अंक निघू लागले, स्वीडनमध्ये १९५० पासून. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ मुलखात लोकांनी त्याचे चित्र लढाईच्या ढालींवर रंगवले. आपल्याकडे आम्ही होतो. पण चित्रपटाचा पैसा जिथे ठरतो तिथे तो सुपरमॅन-बॅटमॅनचा जरा जुनाट चुलतभाऊ. मिरजेच्या फलाटावर अंकासाठी ताटकळलेल्या मुलाची मागणी हॉलिवूडच्या खतावणीत कुठल्या खात्यावर लिहिणार?

आता इथवर मी 'मुळाशी इमान' या बाजूने वकिली केली. पण मूळ म्हणजे कोणते, हा प्रश्न विचारला की माझीच पंचाईत होते. आम्ही जे वाचले ते तरी कुठे मूळ होते? फॉकने सुरुवातीला वेताळाचा देश 'बेंगाली' असा आशियात कुठेतरी कल्पिला होता. किपलिंगच्या 'जंगल बुक'चा त्याच्यावर प्रभाव होता. पुढे तो देश आफ्रिकेकडे सरकला. इंद्रजालच्या संपादकांनी, आपल्या वाचकांना उगाच बंगालची आठवण नको म्हणून असेल, त्याचे 'डेंकाली' केले. सिंग चाच्यांचे 'सिंगा' झाले. वेताळाच्या बापाचा खुनी मुळात 'रामा' होता, त्याला 'रामालू' करण्यात आले. पोशाखाचेही तसेच. फॉकच्या मनात तो करडा होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पाने सुरू झाली तेव्हा छपाईत तो जांभळा झाला. स्वीडनमध्ये तो निळा आहे, इटलीत लाल. म्हणजे ज्या जांभळ्या रंगाशी चित्रपटाने इमान राखावे असा माझा आग्रह, तो रंग मुळात लेखकाचा नव्हेच!

त्याहून अवघड प्रश्न माझ्या पुतणीने विचारला. ती महाविद्यालयात शिकते. माझे बांधून घेतलेले जुने अंक तिने दोन दिवसांत वाचून काढले, आवडीने वाचले, आणि परत देताना म्हणाली, "काका, एकवीस पिढ्या झाल्या, पण त्या जंगलातल्या माणसांपैकी एकालाही वेताळ होता आलं नाही. का बरं?"

मी तिला सांगितले, की फॉकही बदलत गेले. १९६० च्या दशकात आफ्रिकेतले देश स्वतंत्र होऊ लागले तसा वेताळाचा देशही स्वतंत्र झाला; तिथे निवडणूक झाली आणि डॉक्टर लामांडा लुआगा हा त्याच मातीतला माणूस राष्ट्राध्यक्ष झाला. वेताळ ज्या गस्ती दलाचा अज्ञात सेनापती, त्याचा कर्नल वोरुबू हाही तिथलाच. तिने ऐकून घेतले. "पण सिंहासनावर कोण बसतो?" एवढेच ती म्हणाली. हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. गोऱ्या माणसाने काळ्या लोकांच्या जंगलात चारशे वर्षे न्यायनिवाडा करायचा, ही कल्पना १९३६ च्या जगात सहज खपली. आम्हीही ती सहज वाचली, कारण आम्हांला तो गोरा वाटतच नव्हता. नावाने तो वेताळ होता. मनातल्या मनात आम्ही त्याला आरवलीच्या बाजूचा करून टाकला होता. पडद्यावर मात्र ही सोय नाही. तिथे माणसाचा रंग दिसतो.

तेव्हा माझी मागणी आता बदलली आहे. देश कुठला ठेवायचा, पोशाख कुठल्या रंगाचा, खलनायक कोण, हे ज्याचे त्याने ठरवावे. बाविसावा वेताळ बांदारांच्या घरातला निघाला तरी माझी हरकत नाही. चारशे वर्षे ज्यांनी ते गुपित जपले, विषारी बाण घेऊन गुहेचा पहारा केला, त्यांच्याइतका हक्क दुसऱ्या कुणाचा? जंगलातल्या वेळूच्या बनाऐवजी कोकणातली देवराई दाखवली तरी चालेल. इंद्रजालच्या संपादकांनी इतके बदलूनही वेताळ आमच्यापर्यंत जिवंत पोचला, कारण जे बदलायचे नाही ते त्यांनी बदलले नाही. डोळे दाखवू नका. तो येण्याआधी त्याचा बोलबाला होऊ द्या. आणि बापाच्या मरणानंतरची ती सकाळ चुकवू नका. एवढे तीन करार पाळले की मी चित्रपटाला इमानी म्हणेन.

घाई का, असेही कुणी विचारील. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडले. नंतर डायमंड कॉमिक्सने आणि इतरांनी वेताळ छापून पाहिला, पण ती गर्दी पुन्हा जमली नाही. ली फॉक शेवटपर्यंत लिहीत होते. १३ मार्च १९९९ रोजी ते गेले. ज्यांनी मराठीतून वेताळ वाचला ती पिढी आता निवृत्तिवेतनाच्या रांगेत आहे, आणि त्या रांगेतली माणसे कमी होत चालली आहेत. बँकेत माझे निम्मे आयुष्य लोकांना एकच प्रश्न विचारण्यात गेले: खात्याला वारस लावला आहे का? पुष्कळ लोक लाजत, टाळत, पुढच्या खेपेला बघू म्हणत. दहा वर्षे खात्याकडे कुणी फिरकले नाही, की आतली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होते. रक्कम बुडत नाही, पण ती कुणाची होती हे सांगणारा कुणी उरत नाही. वेताळाचे खाते आमच्या पिढीच्या नावावर आहे आणि त्याला वारस लावलेला नाही. चित्रपट हा माझ्या लेखी त्याचा अर्ज आहे.

माझ्या करमणुकीसाठी मला त्याची गरज नाही. माझे अंक माझ्या कपाटात आहेत. पण अमर असण्यासाठी वेताळाला दर पिढीत एक नवा माणूस लागतो आणि त्याच्यावर नव्याने विश्वास ठेवणारी माणसे लागतात. आरवलीच्या लोकांना हे कधीच कळलेले आहे. जुन्या वहाणा जपून ठेवण्यावर त्यांचा भर नाही. देव चालत राहतो, वहाणा झिजतात, म्हणून ते दरवेळी नव्या करून आणतात.